शेजारच्या सीटवरचा ब्रेक

४ फेब्रुवारी, मंगळवार

लिहायला सांगितलंय म्हणून लिहिते आहे. नाहीतर मला लिहायची हौस शाळा सुटली तेव्हाच सुटली.

आमच्या ह्यांना काहीतरी होतंय. गेल्या आठवड्यात चहा पिता पिता एकदम म्हणाले, "मला झोप लागत नाही. उगाच जीव घाबरतो." मी कप खाली ठेवला. हा माणूस शाळेच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर ॲसिडच्या बाटल्या पुसत राहिला आणि कधी घाबरला नाही. आता निवृत्त होऊन घरात बसल्यावर काय घाबरायचंय? डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर म्हणाले, "डॉक्टर नको. एका काउन्सेलरची वेळ घेतलीय. तू चल बरोबर, एकट्याला नाही जमायचं."

म्हणजे वेळसुद्धा आधीच घेतलेली! ज्या माणसाला स्वतःचे मोजे कुठल्या खणात असतात ते ठाऊक नाही त्याने.

आज गेलो. दुसऱ्या मजल्यावर छोटीशी खोली, एक सोफा, एक खुर्ची, रुमालांचा खोका आणि कोपऱ्यात पाण्याविना कोमेजलेलं झाड. काउन्सेलर म्हणजे आमच्या लेकीपेक्षा, चिंगीपेक्षाही लहान मुलगी. मला काकू म्हणाली. ह्यांना विचारलं, काय होतंय? हे म्हणाले, "झोप लागत नाही, जीव घाबरतो," आणि माझ्याकडे बघायला लागले. पुढचं सगळं मलाच सांगावं लागलं. कधी घाबरतो, कसा घाबरतो, पोटात गोळा कसा येतो, हात गार कसे पडतात, फोन नाही लागला की डोळ्यांसमोर काय काय येतं. मुलगी भराभर लिहून घेत होती. हे आपले मान डोलावत होते.

निघताना ती मला म्हणाली, "काकू, घरी काय होतं ते रोज थोडं लिहाल का?"

"ह्यांच्याबद्दल ना?"

"जे सुचेल ते लिहा."

मी मग जिन्यातून परत फिरले आणि त्या झाडाला पाणी घालून आले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी जेवणानंतर हे आरामखुर्चीत घोरत होते. झोप लागत नाही म्हणणारा माणूस इतका घोरतो की शेजारच्यांनी खिडकी लावली. उतारवयात आजार असे उलटेसुलटेच होत असतील.

माझा दिवस वाईट गेला. मी शिकवते त्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या औषधवाल्या बाई परीक्षेत परत नापास झाल्या. कोपऱ्यावर त्यांचं औषधांचं दुकान आहे. बाई हुशार, हात स्थिर, आरशात बघायला विसरत नाहीत. माझ्याबरोबर असताना कशी लोण्यासारखी गाडी चालवतात! आणि परीक्षक शेजारी बसला की पांढऱ्या रेषेच्या पुढे जाऊन थांबतात. मी परीक्षकाला सांगितलं, तुमचं तोंड बघूनच घाबरतात त्या. त्याला आवडलं नाही.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, माझ्या पायाखाली. तो दाबणं ही कला आहे. धसमुसळे लोक गचकन दाबतात, शिकणाऱ्याच्या मानेला हिसडा बसतो आणि बिचारा दिवसभर खजील. मी असा हलक्या पायाने दाबते की शिकणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही. माझ्या गाडीतून आजवर कुणाला साधं खरचटलेलं नाही.

संध्याकाळी चिंगीला फोन केला, उचलला नाही. परत केला. मग जावयांना केला, ते मीटिंगमध्ये. मग त्यांच्या ऑफिसात केला. मग चिंगीच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना, की जरा वर जाऊन बघता का. शेवटी चिंगीचा फोन आला.

"आई, मी अंघोळ करत होते! त्या बिचाऱ्या दारावर थापा मारतायत, मी साबण लावलेली!"

"अगं पण उचलायचा ना. काळजाचं पाणी झालं माझं."

"तुझं पाणी कशाने होत नाही? मागच्या वर्षी पाय माझा मोडला आणि दवाखान्यात पाणी तुझ्या तोंडावर मारत होते. मी प्लास्टर घालून तुझी समजूत काढत बसले." मग जरा थांबली आणि म्हणाली, "म्हणूनच तुला काही सांगावंसं वाटत नाही."

फोन ठेवल्यावरही ते वाक्य कानातून जाईना. लहानपणी हीच पोरगी शाळेतून आली की दप्तर खांद्यावरच, आणि बडबड सुरू. कुणाचा डबा सांडला, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं आधी मला. आता सांगावंसं वाटत नाही म्हणे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी भेट. झाड जरा तरारलंय.

त्या काउन्सेलर मुलीने आज श्वास शिकवला. आत घ्यायचा त्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावायचा. आणि जीव घाबरला की आजूबाजूच्या पाच गोष्टी डोळ्यांनी बघायच्या, चार हाताने चाचपायच्या, तीन आवाज ऐकायचे, दोन वास आणि एक चव. म्हणजे मन पुढे पळालेलं असतं ते परत खोलीत येतं. मी म्हटलं, ह्यांचं मन कुठे पळतं? पायच निघत नाहीत खुर्चीतून. ती हसली.

घरी आल्यावर ह्यांच्याकडून करून घ्यायला बसले. पडदा, घड्याळ, कॅलेंडर इथपर्यंत आलो आणि हे डुलक्या घ्यायला लागले. रिकामं काय बसायचं म्हणून उरलेलं मीच पूर्ण केलं. स्वयंपाकघरात नळ ठिबकतोय हे पहिल्यांदा ऐकू आलं. किती दिवस ठिबकत होता कुणास ठाऊक.

१६ फेब्रुवारी, रविवार

चिंगी आणि जावई आले होते. चिंगीचं काहीतरी बिनसलंय. माझ्या हातचा चहा कधी सोडत नाही, आज कप पुढे केला तर मान फिरवली. लिंबूपाणी मागितलं. मी अंडी उकडत ठेवली होती, तर नाकाला रुमाल लावून गॅलरीत जाऊन उभी राहिली. "ॲसिडिटी झालीय गं." तोंड एवढंसं. जावई तिच्यामागे उशी घेऊन फिरत होते. एरवी स्वतःची ताटली उचलत नाहीत!

मी आत ताटं घेताना बाहेर बापलेकीचं कुजबुजणं चाललेलं. मी आले तर दोघं गप्प. हे म्हणाले, "टोमॅटोच्या रोपाविषयी बोलत होतो." गॅलरीत एक कुंडी आहे ह्यांची, तिला अजून फूल नाही. त्याबद्दल कोण कुजबुजतं?

ते गेल्यावर मी मोबाइलवर शोधलं. पित्त, अल्सर, यकृत, आणखी पुढचं तर लिहवत नाही. नाहीतर मग नोकरी गेली असेल. नाहीतर दोघांचं पटत नसेल, म्हणून तर जावई एवढे गोड वागत होते. ह्यांना विचारलं तर पेपरात डोकं घातलं.

आजाराची भीती आहेच, पण खरं सांगू? सगळ्यात जास्त हे लागलं की बापाला सांगितलं आणि मला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज नवीन उपाय. काळजीची वेळ ठरवायची. संध्याकाळी पाच ते सव्वापाच, ठरलेल्या खुर्चीत बसून मनसोक्त काळजी करायची. दिवसभरात काळजी आली की तिला म्हणायचं, पाचला ये. मला हसूच आलं. काळजी काय दूधवाला आहे?

शिवाय एक प्रश्न दिलाय. मनात काही आलं की विचारायचं, हे घडलंय की मला वाटलंय?

पाच वाजता ह्यांना खुर्चीत बसवलं. "हं, करा काळजी." हे विचारात पडले. बराच वेळ पडले. मग म्हणाले, "टोमॅटोला फूल का येत नसेल?"

"आणि?"

"आणि काही नाही बुवा."

असा पेशंट असतो होय? मी म्हटलं, सगळं मनात दाबून ठेवता म्हणून हे असं होतं. हे म्हणाले, "मला सुरुवात करता येत नाही. तू तुझी एखादी सांग बरं, म्हणजे मला सुचेल."

म्हणून मग मी सांगितली. एक सांगितली, तर तिच्यामागून दुसरी आली. सव्वापाच होऊन गेले. हे मधे एकदाही "काही होत नाही गं" म्हणाले नाहीत. नुसते ऐकत होते, माझा हात धरून. त्यांच्या हाताला कुंडीतल्या मातीचा वास येत होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रोज पाचला बसतोय. ह्यांना एकदाही काही सुचलं नाही, रोज मलाच गाडी ओढावी लागते. पण आज गंमत झाली. सकाळी चिंगीच्या अल्सरची काळजी आली तर तिला म्हटलं, पाचला ये. जावयांच्या स्वभावाची आली, तिलाही तेच. पाच वाजता खुर्चीत बसले आणि त्यातल्या निम्म्या आल्याच नाहीत! अल्सर तेवढा वेळेवर हजर होता. त्याला विचारलं, तू घडलायस की मला वाटलायस? तो आपला गप्प.

चिंगीला आज एकच फोन केला. उचलला नाही. दुसरा करायला बोट शिवशिवत होतं. नळाखाली हात धरून उभी राहिले, पाणी गार होतं, नळ आता ठिबकत नाही. तिचा फोन आपणहून आला. "आई, तू परत नाही केलास? बरी आहेस ना?"

ह्यांच्यात फरक पडतोय हे नक्की. काल म्हणाले, घर कसं शांत वाटतंय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज त्या मुलीचा राग आला. ह्यांना सोडून माझ्या कामाचीच चौकशी. मी हौसेने सांगितलं, दुसरा ब्रेक, हलका पाय, सगळं.

"तुम्ही ब्रेक लावलाय हे शिकणाऱ्यांना कळतं का, काकू?"

"छे! तीच तर खुबी आहे."

"मग गाडी कुणामुळे थांबली असं वाटतं त्यांना?"

हे छताकडे बघत होते. मुलगी नुसती माझ्याकडे बघत राहिली. असल्या वेळी माणसाने काहीतरी बोलावं की नाही?

घरी येईपर्यंत मी ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांचा काय दोष, पण राग कुणावर तरी काढायला नको का?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

औषधवाल्या बाईंना आज रस्त्यावर नाही, जुन्या बाजाराच्या मागच्या मोकळ्या मैदानात नेलं. चुन्याने रेषा आखलेल्या आहेत तिथे, पलीकडे चिटपाखरू नसतं. सुरुवातीलाच बाई म्हणाल्या, "मॅडम, माझा ब्रेक आता छान बसलाय, नाही का? परीक्षेतच काय होतं समजत नाही. त्या गाडीचाच ब्रेक वाईट असावा."

त्या मुलीचा प्रश्न आठवला. मी सँडल काढले, पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले.

"हे काय मॅडम? घरी बसल्यासारख्या काय बसलात?"

"तुम्ही चालवा."

रेष आली, बाईंनी नेहमीसारखा पाय नुसता टेकवला आणि गाडी रेषेवरून सरळ पुढे. बाई किंचाळल्या. माझा पाय मांडीतून सुटायला धडपडत होता, मी दोन्ही हातांनी घोटा धरून ठेवला. काच, आरसा, चुन्याची रेष, बाईंचं घड्याळ, लांबवरचा कुत्रा. लांब श्वास सोडला. बाईंनी ब्रेक शोधला, खराखुरा दाबला, गाडी गचका देऊन थांबली आणि दोघींची नाकं पुढच्या काचेकडे गेली.

"आज ब्रेकला काय झालंय?" बाई धापा टाकत म्हणाल्या.

मी सांगून टाकलं. हा ब्रेक तुमचा आहे, आधीचे सगळे माझे होते.

बाईंचं तोंड लाल झालं. "म्हणजे इतके दिवस गाडी तुम्ही थांबवत होतात? आणि मी दुकानात सगळ्यांना सांगत फिरतेय की मला येतं म्हणून!"

"मला वाटलं, तुम्ही घाबराल."

"घाबरले असते! घाबरत घाबरत शिकले असते ना!"

मग त्यांनीच चावी फिरवली आणि म्हणाल्या, "पाय वरच ठेवा." त्यानंतर दोनदा रेष ओलांडली, एकदा फार आधी थांबल्या, आणि मग एकदा बरोबर रेषेवर. त्या वेळी बाई अशा हसल्या की मी त्यांना इतक्या दिवसांत तशा हसताना पाहिलंच नव्हतं.

पाचच्या खुर्चीतही आज मांडी घालूनच बसले. ह्यांनी विचारलंही नाही.

४ मार्च, मंगळवार

आज रागानेच लिहायला बसलेय.

आज मी त्या काउन्सेलर मुलीला म्हटलं, "ह्यांना आता बरंच बरं आहे. अजून किती वेळा यायचं?"

ती ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "काका, आता तुम्हीच सांगा. पहिल्या दिवसापासून फोनवर मी म्हणतेय तुम्हाला."

ह्यांनी घसा खाकरला. "मी झोपतो गं नीट."

"आता झोपता ना. पण आधी?"

"आधीपण झोपायचो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला! म्हणजे पेशंट मी! महिनाभर ह्यांना बोट धरून श्वास शिकवतेय, आणि हे आतल्या आत हसत असतील. मी उठले, पर्स घेतली, तरातरा जिना उतरले. हे मागून आले. मी रस्त्याच्या ह्या बाजूने, हे त्या बाजूने, तसेच घरापर्यंत. मधे एक बस आली तर वाकून बघत होते मी दिसते का.

घरी आल्यावर ह्यांनी चहा केला. फार वाईट करतात. कप माझ्यापुढे ठेवून उभेच राहिले.

"तुला चल म्हटलं असतं तर आली असतीस?"

"मुळीच नाही."

"मग?"

हे बसले. म्हणाले, "तू हसायचं विसरली होतीस गं. फोन वाजला की दचकायचीस, नाही वाजला की जास्त दचकायचीस. मला बघवेना. आणि चिंगीला तुला काहीतरी सांगायचंय. महिना झाला, धीर होत नाही तिला. मी म्हटलं, जरा थांब, आई तयार होईल."

"काय सांगायचंय?"

"ते तीच सांगेल."

"आजार आहे का? तेवढं एकच सांगा."

"आजार नाही."

आणखी शंभर प्रश्न ओठांवर आले होते. फोन समोरच होता. एक फोन, आणि वदवून घेतलं असतं मी तिच्याकडून, मला येतं ते. पण मग तेही माझ्याच पायाने थांबवलेल्या गाडीसारखं झालं असतं. मी तो भयंकर चहा पिऊन टाकला.

ह्यांच्याशी अजून बोलत नाहीये. पण झोपताना माझं पांघरूण त्यांच्याकडे सरकवलं. थंडी होती.

७ मार्च, शुक्रवार

औषधवाल्या बाई पास झाल्या. खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून ओरडल्या. परीक्षक म्हणाला, "आधी हात आत घ्या." मला उगाच रडू आलं.

चिंगीचा फोन नाही. मीही विचारलं नाही. फार जड जातंय, खोटं कशाला लिहू.

९ मार्च, रविवार

सकाळी चिंगी एकटीच गाडी घेऊन आली. "आई, चल, जरा चक्कर मारून येऊ." हे लगेच कुंडीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

तिच्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नाही. दरवेळी मी सबंध रस्ताभर पायाने जमीन दाबत असते आणि चिंगी दात-ओठ खात असते. आज मी बसले, पट्टा लावला आणि पाय सरळ वर घेऊन मांडी घातली. तिने बघितलं आणि गाडी सुरू केली.

शाळेपुढच्या सिग्नलला गाडी थांबली. दिव्याकडे बघत, स्टीअरिंग घट्ट धरून म्हणाली, "आई, तू आजी होणार आहेस."

देवा रे! एका क्षणात माझ्या डोक्यात सगळं येऊन गेलं. किती दिवस झाले, कुठली डॉक्टर, रक्त कमी आहे का, तो जिना, तो मोडलेला पाय, ती गाडी कशाला चालवतेय. सगळं जिभेच्या टोकावर होतं. मी लाल दिवा बघितला, रस्त्यावरचे पुसट झालेले पट्टे बघितले, तिच्या गळ्यातली निळी ओढणी बघितली, तिची पांढरी पडलेली बोटं बघितली. श्वास सोडला, लांब. मग जे विचारायचं होतं त्यातलं एकच विचारलं.

"तुला कसं वाटतंय गं?"

दिवा हिरवा झाला. मागचा हॉर्न वाजवायला लागला. चिंगीने गाडी बाजूला घेतली, नीट आरशात बघून, इंडिकेटर देऊन, आणि थांबवली. मग माझ्याकडे वळली आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा विसकटला.

"मला खूप भीती वाटतेय, आई."

मी तिला जवळ घेतलं. गिअर मधे टोचत होता. काही होत नाही, असं म्हणाले नाही. मी आहे, एवढंच म्हटलं. ती माझ्या खांद्यावर मनसोक्त रडली, आणि ह्या वेळी कुणी माझ्या तोंडावर पाणी मारलं नाही. मग डोळे पुसत बोलायला लागली. उलट्या होतात, ऑफिसात अजून सांगितलेलं नाही, रात्री स्वप्नं पडतात, जावई पुस्तकं वाचून वाचून वेडे झालेत. थांबेचना. शाळेतून घरी आल्यावर बोलायची तसं. माझे पाय मांडीत बधिर झाले होते, पण मी हलले नाही.

परत येताना तिनेच चालवली. वळणावर एक सायकलवाला एकदम पुढे आला. चिंगीने ब्रेक लावला, वेळेवर, अगदी हलक्या पायाने. कुठून शिकली कोण जाणे.

घरी हे दारातच उभे. माझं तोंड बघितलं, मग तिचं, आणि डोळे टिपायला परत कुंडीकडे गेले. मी मागे जाऊन म्हटलं, "खोटारडे." ह्यांनी माझा हात धरला. आता बोलणं सुरू झालंय आमचं.

पाच वाजता मी खुर्ची ओढली, तर चिंगी आधीच तिच्यात जाऊन बसली. म्हणाली, "आज माझा नंबर." मी स्टूल घेतलं. तिने एकेक काळजी सांगितली, मी ऐकली, एकही सोडवली नाही.

मधे एकदा माझा पाय हलला. हलू दे.